पेटीतला साबण

आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत जी सिक्युरिटी बसते, तिच्या आईकडे त्यांच्या गावात सगळ्यांत जास्त साबण होते. आणि त्याच गावात, हात धुण्याच्या तपासणीत दर महिन्याला नापास होणारं घर एकच होतं, तिच्या आईचं. हे मला कळायला दोन महिने लागले. कळल्यावर इतका वैताग आला की कॉलेजचा प्रोजेक्टच सोडून द्यावा असं वाटलं. सोडला नाही, कारण तोपर्यंत ते काम माझ्या मार्कांपुरतं राहिलं नव्हतं.

आम्ही शारजाला अल नहदामध्ये राहतो. अब्बा दुबईत देरा भागातल्या एका कार्गो ऑफिसची व्हॅन चालवतात. मी दहावीपर्यंत रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी मराठी शाळेत शिकले. मग अब्बांना फॅमिली व्हिसा मिळाला आणि अम्मी, मी आणि धाकटी बहीण इकडे आलो. धाकटीला मराठीत विचारलं तरी ती इंग्रजीत उत्तर देते. मी मात्र अजून इंग्रजी वाक्य आधी मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत वर्गातला विषय बदललेला असतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. काही अडलं तर विचारायचं कुणाला, हे मला कळत नाही. अब्बांना विचारलं की ते म्हणतात, "टीचर सांगते तसं कर. यल्ला, मला उशीर होतोय."

टीचरने सांगितलं होतं की एक खरं गाव निवडा, जिथल्या लोकांनी स्वतःहून स्वच्छतेचं, रोगराई टाळण्याचं काम सुरू केलं आहे, आणि त्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी तयार करा. माझा कोर्स पब्लिक हेल्थचा. बाकीच्या मुलींनी इंटरनेटवरून गावं शोधली. मला वाटलं, आपल्याकडे तर खऱ्या गावातलं खरं माणूस खाली लॉबीत बसलेलं आहे. मला उगाच थोडा अभिमानही वाटला.

ती युगांडाची. वय तिशीच्या आसपास. इथे तिसरं वर्ष. मुलगा शाळेत जाणारा, मुलगी चार वर्षांची, दोघंही गावी तिच्या आईकडे. भाडेकरू तिला 'सिक्युरिटी' अशीच हाक मारतात. अम्मी तिला 'बाय' म्हणते, आपल्याकडे कुठल्याही मुलीला म्हणतात तसं, आणि तिला ते इंग्रजी निरोपाचं 'बाय' वाटत नाही, कारण अम्मी ते म्हणते आणि तिथेच अर्धा तास उभी राहते. मला ती 'स्टुडंट' म्हणायची.

त्यांच्या गावातल्या बायकांचा एक गट होता. सरकारने काढलेला नाही, कुठल्या संस्थेनेही नाही. एका पावसाळ्यात जुलाबांनी बरीच मुलं आजारी पडली, तेव्हा रविवारी चर्चनंतर बायका झाडाखाली बसल्या आणि त्यांनी ठरवलं. प्रत्येक घरी संडासाच्या खड्ड्यावर झाकण हवं. भांडी वाळवायला काठ्यांची मांडणी हवी, जमिनीवर पालथी घालायची नाहीत. पिण्याचं पाणी उकळलेलं हवं. आणि संडासातून बाहेर आल्या आल्या हात धुता आले पाहिजेत. नळ कुणाकडेच नाही. म्हणून दोन खुंटांवर आडवी काठी, तिला टांगलेला पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, कॅनच्या गळ्याला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक जमिनीवरच्या एका काठीला. ती काठी पायाने दाबली की कॅन वाकतो आणि पाणी पडतं. हात कशालाच लावावा लागत नाही. शेजारी दोरीला बांधलेला साबण, नसेल तर डब्यात राख. महिन्यातून एकदा गटाच्या बायका घरोघर जातात, आणि सगळं ठीक असेल तर दारावर खडूने फुली मारतात.

मला हे ऐकूनच फार आवडलं. मी पोस्टर करायला घेतलं.

गटाच्या प्रमुख एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना चांगलं इंग्रजी येत होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवायची सवय होती. सिक्युरिटीने त्यांचा नंबर दिला आणि मी पहिलं पोस्टर पाठवलं. त्यात एक बाई बेसिनवर हात धुत होती. उत्तर आलं, "मुली, चित्र छान आहे. हा नळ आमच्या गावात कुठे आहे ते कळव, आम्ही सगळ्या तिथे जाऊ."

मी नळ खोडून तिथे कॅन काढला. उत्तर आलं, "ही बाई इतकी हसते का आहे? संडासाबाहेर उभी राहून कोण हसतं?"

मी हसू पुसलं. मग त्या म्हणाल्या की बाई आता आजारी दिसते.

पाचव्या पोस्टरला त्यांनी फक्त अंगठा पाठवला. तो पसंतीचा होता की कंटाळ्याचा, हे मला आजही सांगता येणार नाही. मी रोज कॉलेजच्या बसमधून उतरले की लॉबीत थांबायचे आणि सिक्युरिटीला फोन दाखवायचे. ती हसायची. "स्टुडंट, आज माझ्या गावाची काय खबर? हल्ली तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं."

एका दुपारी ती हसली नाही. रजिस्टर उघडं होतं, पेन हातात होतं, ती काही लिहीत नव्हती. तिची मुलगी पुन्हा आजारी पडली होती. त्या पावसात तिसऱ्यांदा. या वेळी तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात न्यावं लागलं, सलाईन लावावं लागलं. आता बरी होती, घरी आली होती.

"अजून एकदा झालं तर मी जाते," ती म्हणाली. "कंपनी सोडणार नाही, व्हिसा कॅन्सल करेल, परत येता येणार नाही. तरी जाते. खलास."

मी म्हटलं, "पण तुमच्या गावात तर गट इतकं छान काम करतो."

ती म्हणाली, "माझ्या आईच्या घरावर फुली नाही."

त्या संध्याकाळी मी गटाच्या बाईंना विचारलं, थोडं भीत भीतच. त्यांची व्हॉइस नोट लांबलचक आली, मागे कोंबडे ओरडत होते. बाईंचं म्हणणं असं: त्या म्हातारीचं घर आठ महिने नापास होतं आहे. आम्ही गेलो की ती चहा देते, बसायला खुर्ची देते, आणि आत जाऊन पेटी उघडून दाखवते. पेटीत साबण. वासाचे, कागदातले, मुलीने दुबईहून पाठवलेले (त्यांच्या गावाला शारजाही दुबईच). पंप दाबायची एक बाटलीसुद्धा आहे. ते आम्हाला हुंगायला देते, परत कपड्यांमध्ये ठेवते आणि कुलूप लावते. राख ती वापरत नाही, कारण तिच्याकडे साबण आहे. साबण वापरत नाही, कारण तो फार चांगला आहे. आणि कॅन टांगत नाही, कारण मुलगी फरशीचं बाथरूम बांधणार आहे, नळाचं. दुबईवालीच्या घरी तेलाचा जुना कॅन टांगलेला लोकांनी पाहिला तर लोक काय म्हणतील?

शेवटी बाई म्हणाल्या, "पोस्टरं पुरे झाली, मुली. त्या म्हातारीची पेटी उघडायला लावेल असं कुणी तुझ्या कॉलेजात असेल तर सांग."

मी ती नोट दोनदा ऐकली. मला इतका राग आला की माझा मलाच तो जरा जास्त वाटला. घरात चार वर्षांचं मूल तीनदा आजारी पडतं, मुलीची नोकरी जायची वेळ येते, आणि ही बाई साबणाला कुलूप लावते. मी ओट्यापाशी उभी राहून अम्मीला सगळं सांगितलं. अम्मी कोळंबी सोलत होती. मी म्हटलं, "असे लोक असतील तर कुणी काय करायचं? कसली पब्लिक हेल्थ?"

अम्मी सोलतच राहिली. मला वाटलं तिने नीट ऐकलंच नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला लागले.

"ऐकलं गं," ती म्हणाली. "तुला कावीळ झाली होती ते आठवतं?"

आठवत होतं. मी आठवीत होते. अब्बा इकडे, आम्ही गावी, फुफीबरोबर. फुफी म्हणजे अब्बांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, घर तीच सांभाळते. त्या वर्षी आमच्या वाडीत कावीळ आली होती, विहिरीच्या पाण्याने म्हणत होते. मी दीड महिना शाळेत गेले नाही. नुसती पडून असायचे, समोर काचेचं कपाट.

"त्या कपाटात काय होतं?" अम्मीने विचारलं.

मी आठवून पाहिलं. परफ्यूमच्या रिकाम्या बाटल्या होत्या. खजुराचा डबा. आणि हात धुवायच्या लिक्विड साबणाच्या चार बाटल्या, गुलाबी, अब्बांनी पाठवलेल्या, गळ्याभोवतीचं प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या. दीड महिना मी त्यांच्याकडे बघत पडले होते, आणि मला एकदाही वाटलं नव्हतं की त्या वापरायच्या असतात.

"त्या फुफीने ठेवल्या होत्या," मी म्हटलं.

"फुफीने बाथरूमला कुलूप लावलं," अम्मी म्हणाली. "बाटल्या मी ठेवल्या."

बाथरूमचंही खरं होतं. अब्बांनी गावच्या घराला पांढऱ्या टाइल्सचं, गिझरचं बाथरूम बांधलं आहे. त्याची किल्ली फुफीच्या कमरेला असते. अब्बा सुट्टीवर आले की ते उघडतं, आधी त्यातल्या पाली हाकलतात. ते परत गेले की बंद. घरातले सगळे मागच्या न्हाणीत, जिथे साबणाची वडी दगडावर असते, नाहीतर नसते.

मी अम्मीला विचारलं, "पण का ठेवल्यास?" माझा आवाज चढला होता. "मी आजारी होते."

अम्मीने हात धुतले. कोळंबीचा वास जाईपर्यंत, नीट, साबणाने. मग म्हणाली, "दोन-दोन वर्षं तुझे अब्बा यायचे नाहीत. बॅग यायची, कुणाच्या तरी हातून. उघडली की संपते गं बाटली. संपली की मग काय बघायचं?"

राग गेला असं मी म्हणणार नाही. तो आता कुणावर काढायचा ते कळेना, इतकंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, अम्मीने सिक्युरिटीला वर बोलावलं. तिची एक मैत्रीण, तीही दुसऱ्या बिल्डिंगमध्ये सिक्युरिटी, पुढच्या आठवड्यात रजेवर गावी जाणार होती आणि तिच्याबरोबर पाठवायला सिक्युरिटीने साबणांचं नवं पाकीट आणून ठेवलेलं होतं. अम्मीने ते पाकीट मागून घेतलं, टेबलावर ठेवलं आणि कात्रीने फाडलं. सिक्युरिटी दचकली. अम्मीने सहाही वड्या कागदातून काढल्या आणि भाजीच्या सुरीने प्रत्येकीचे चार तुकडे केले.

"ममा, हे काय करताय?" ती म्हणाली.

"हाथ धो," अम्मी म्हणाली, आपल्या हिंदीत. "एक एक टुकडे से. सब."

आम्ही तिघींनी हात धुतले. चोवीस तुकडे. धाकटी शाळेतून आली, तिलाही बेसिनपाशी उभं केलं. ती म्हणाली, "व्हाय आर वी डूइंग धिस?" मी म्हटलं, "धू गपचूप." सगळे तुकडे ओले, गुळगुळीत, कडा झिजलेले असे झाले, तेव्हा अम्मीने ते वर्तमानपत्रावर वाळत घातले.

"आता हे पेटीत कोण ठेवेल?" अम्मीने मला मराठीत विचारलं आणि तिला सांगायला लावलं.

मी सांगितलं. सिक्युरिटी आधी हसली, मग तिने तोंडावर हात ठेवला. "आई म्हणेल, मी दुबईत भिकारी झाले. दुसऱ्याचे वापरलेले साबण पाठवते."

"म्हणू दे," अम्मी म्हणाली. "आणि तिला बाथरूमचं पण सांग."

"काय सांगू?"

"बांधणार आहेस या वर्षी?"

ती टेबलावरचे तुकडे एका ओळीत लावायला लागली. मला वाटलं अम्मीने हे विचारायला नको होतं. ते आपल्या घरातलं नव्हतं. मी विषय बदलण्यासाठी पोस्टरबद्दल काहीतरी बोलायला लागले तर अम्मीने माझ्याकडे असं पाहिलं की मी थांबले.

"पहिल्या नाताळला सांगितलं पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "दुसऱ्या नाताळला सांगितलं पुढच्या वर्षी. ती गावभर सांगून बसली आहे. आता कसं सांगू?"

"मग ती कॅन कशाला टांगेल?" अम्मी म्हणाली. हे मी भाषांतर करून सांगितलं, आणि सांगताना मला लाज वाटली, कारण मी दोन महिने पोस्टरातल्या बाईचं हसू मोजत बसले होते आणि हा एक प्रश्न मला सुचला नव्हता.

साबणाचे तुकडे एका प्लास्टिकच्या डब्यातून गेले. बाथरूमचं मात्र तिने लगेच सांगितलं नाही. मी रोज खाली उतरताना तिच्याकडे बघायचे, ती मान हलवायची. नाही. एक आठवडा गेला. मला पुन्हा वैताग यायला लागला. मैत्रीण डबा घेऊन पोहोचलीसुद्धा, म्हातारीने डबा उघडला, वास घेतला, आणि मुलीला फोन करून विचारलं की पैसे कमी पडतात का, जेवतेस का नीट. तुकडे तिने पेटीत ठेवले नाहीत हे खरं. चुलीजवळच्या फळीवर ठेवले. वापरले नाहीत.

मी कॉलेजात प्रोजेक्टचा मसुदा दिला. टीचरने त्यावर लिहिलं, 'पोस्टर कुठे आहे? साबण कापणे हा कार्यक्रम होत नाही.' टीचरचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मला स्वतःलाच तो कार्यक्रम वाटत नव्हता.

मग एका दुपारी मी बसमधून उतरून आत आले तर लॉबी रिकामी होती आणि ती काउंटरमागे उभी राहून फोनवर व्हॉइस नोट बोलत होती, तिच्या भाषेत. मला काही कळत नव्हतं. ती बोलायची, थांबायची, पुसून टाकायची, पुन्हा सुरुवात करायची. मधे एक डिलिव्हरीवाला आला, तिने त्याची नोंद केली, लिफ्ट दाखवली, आणि परत फोन तोंडाशी धरला. मी सोफ्यावर बसून राहिले. चौथ्या वेळेला तिने ती पाठवली आणि फोन उलटा ठेवला.

"सांगितलं," ती म्हणाली. "सांगितलं की बाथरूम नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी पण नाही. मुलांच्या शाळेनंतर बघू. आणि सांगितलं की मुलगी पुन्हा आजारी पडली तर मी येते, मग बाथरूम कधीच नाही."

"आई काय म्हणाली?"

"अजून ऐकलं नाही. निळ्या खुणा आल्या नाहीत."

निळ्या खुणा त्या दिवशी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या, उत्तर आलं नाही. तीन दिवस म्हातारी मुलीशी बोलली नाही. त्या तीन दिवसांत सिक्युरिटी माझ्याशीही फारशी बोलली नाही, आणि अम्मी रोज मला विचारायची, "काय झालं गं?" जणू सगळं माझ्या हातात होतं.

चौथ्या दिवशी गटाच्या बाईंनी फोटो पाठवला, मला आणि तिला दोघींना. दोन खुंट, आडवी काठी, पिवळा कॅन. शेजारी जुन्या मोज्यात घालून टांगलेला साबणाचा तुकडा. म्हातारी बाजूला उभी, हात कमरेवर, चेहऱ्यावर अजिबात आनंद नाही. कॅन तिने घराच्या मागे टांगला होता, रस्त्यावरून दिसणार नाही असा. बाईंनी लिहिलं होतं, 'लपवला आहे, पण आहे. फुली दिली.'

सिक्युरिटीने फोटो मोठा केला. तिला कॅन बघायचा नव्हता. कोपऱ्यात, अर्धी कापली गेलेली, तिची मुलगी होती. एक पाय काठीवर, पाणी पडतं आहे, हात मात्र पाण्याखाली नाहीतच. ती नुसती पाय दाबून पाणी पाडत होती. सिक्युरिटी त्या पायावर बोट ठेवून कितीतरी वेळ बघत राहिली.

पाऊस अजून महिनाभर होता तिकडे. त्या महिन्यात मुलगी आजारी पडली नाही. एकट्या साबणाने झालं असं मी लिहिणार नाही, त्यांनी पाणी उकळायलाही सुरुवात केली होती आणि बाई दर रविवारी डोकावत होत्या. प्रोजेक्टमध्येही मी तसंच लिहिलं. मार्क बरे मिळाले, फार चांगले नाहीत. सिक्युरिटी गेली नाही. ती अजून खाली बसते.

मी फुफीला फोन केला. म्हटलं, बाथरूमचं कुलूप काढ, रोज वापरा. ती म्हणाली, "तुम्ही याल तेव्हा उघडूच की." मी म्हटलं, "आम्ही यंदा येत नाही." ती म्हणाली, "बरं, मग पुढच्या वर्षी." मी चिडून फोन अम्मीकडे दिला, आणि अम्मी तिच्याशी भाताबद्दल बोलत बसली.

परवा सिक्युरिटीने मला लॉबीत थांबवलं. आईचा निरोप आला होता. मुलगी दिवसातून तीन-तीनदा कॅन रिकामा करते, पाणी भरून भरून कंबर मोडली. साबण संपत आले आहेत, पेटीतलेसुद्धा. वापरलेले पाठव, मागच्यासारखेच, कापून.

"आणि एक नवा पण पाठव म्हणाली," ती म्हणाली. "कागदातला. पेटीत वास राहिला नाही."

मी वर जाऊन अम्मीला सांगितलं. मला वाटलं अम्मी हसेल, नाहीतर माझ्यासारखी कपाळाला हात लावेल. ती कपाटाशी गेली, अब्बांच्या कपड्यांखालून एक न उघडलेली वडी काढली, गुलाबाची, आणि माझ्या हातात दिली.

"ही कापू नकोस," म्हणाली.